बर्म्युडाचा सीडर आणि आपला सुरू

कोकणात आमच्या गावच्या पुळणीवर सुरूचे बन आहे. लहानपणी वाटे, समुद्र आणि सुरू हे जोडीनेच जन्मले असावेत. पुढे कळले की हे झाड मूळचे आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचे, आणि आपल्या किनाऱ्यावर ते माणसाने लावले. गेली काही वर्षे मी या झाडाच्या प्रवासाच्या नोंदी जमवतो आहे. त्यात एके ठिकाणी अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडाचे नाव आले आणि पुढे एक वाक्य होते: मेलेल्या सीडरांच्या जागी सुरू लावण्यात आले. हे सीडर कोण आणि ते मेले कशाने, हे शोधता शोधता सुरू बाजूलाच राहिला.

हा सीडर म्हणजे खरा देवदार नव्हे. तो जुनिपर आहे. लडाखला गेलेल्यांनी गोंपांत शुकपाचा धूप हुंगला असेल, त्याच कुळातला. शास्त्रीय नाव जुनिपेरस बर्म्युडियाना. जुनिपरांच्या जाती खंडोखंडी पसरलेल्या आहेत. या जातीचे मूळ क्षेत्र मात्र एवढेच: अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटरवरचा, अवघ्या ५३ चौरस किलोमीटरचा बेटांचा पुंजका. मुंबईचे जुने बेटसुद्धा याहून मोठे. एवढ्या जागेबाहेर हे झाड पृथ्वीवर आपणहून कुठेच उगवले नव्हते.

बर्म्युडावर माणसांची वस्ती नव्हती. २८ जुलै १६०९ रोजी व्हर्जिनियाला निघालेले ‘सी व्हेंचर’ हे इंग्रज जहाज वादळात सापडून तिथल्या खडकांवर अडकले. सुमारे दीडशे माणसे होती, सगळी वाचली. त्यांतल्या विल्यम स्ट्रेचीने लिहिलेली हकिकत शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मागे असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मला त्या हकिकतीत नाटकापेक्षा झाड अधिक भेटते. या लोकांनी सीडरची फळे उकळून, गाळून, तीन-चार दिवस ठेवून त्यांचे पेय केले. पानांनी झोपड्या शाकारायला बेटावरचे ताड होते, आणि लाकूड लागले की सीडर. दहा महिन्यांत त्यांनी दोन नवी जहाजे उभी केली, ‘डेलिव्हरन्स’ आणि ‘पेशन्स’. धाकट्या ‘पेशन्स’मध्ये लोखंड म्हणून जवळजवळ काही नव्हतेच. मे १६१० मध्ये ती व्हर्जिनियाला पोचली.

वसाहत झाल्यावर आधी तंबाखू आला. त्यासाठी रान तोडले गेले, आणि १६२०च्या दशकातच सीडर बाहेर नेण्यावर निर्बंध घालावे लागले. पण पुढे एक उलटी गोष्ट घडली. तंबाखूत राम उरला नाही आणि १६८४ मध्ये बेटाची मालक असलेली कंपनी बुडाली, तेव्हा बर्म्युडाचे लोक शेती सोडून दर्यावर्दी झाले. आता जमिनीचे मोल पिकावर नव्हे, सीडरवर ठरू लागले. टेकड्या पुन्हा झाडांनी भरल्या. हे लाकूड हलके, टिकाऊ, वाळवीला आणि समुद्रातल्या किड्यांना दाद न देणारे. त्याच्या चपळ स्लूप नौका साऱ्या अटलांटिकवर फिरल्या. त्या बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या हातांत गुलामांचे हात फार होते, हे बर्म्युडाच्या जहाजांचे कौतुक करताना सहसा गाळले जाते. त्यांची त्रिकोणी शिडांची रचना आजही ‘बर्म्युडा’ म्हणूनच ओळखली जाते. गेटवेसमोर सुटीच्या दिवशी दिसणाऱ्या शर्यतीच्या होड्यांची शिडे त्याच घराण्यातली.

ब्रिटिश आरमाराला ओक कमी पडू लागला तेव्हा त्याने जगभर लाकूड शोधले. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानी युद्धनौका बांधल्या, तशा बर्म्युडात सीडरच्या छोट्या नौका झाल्या. ट्रॅफल्गरच्या विजयाची आणि नेल्सनच्या मृत्यूची वार्ता १८०५ मध्ये इंग्लंडला नेणारी ‘पिकल’ बर्म्युडातच बांधलेली होती.

म्हणजे तीनशे वर्षे कुऱ्हाड चालूनही झाड टिकले. ज्याचे कपाट, पाळणा, जहाज आणि शवपेटी त्याच लाकडाची, तो माणूस ते संपू देत नव्हता. संपवले ते दिसतही नाही अशा जिवाने. १९४०च्या दशकात दोन जातींची खवलेकीड बाहेरून बेटावर आली. या झाडाने तसला शत्रू कधी पाहिलेलाच नव्हता. दहा-एक वर्षांत दहांतली नऊ झाडे करडी होऊन उभ्या उभ्या वाळली, आणि त्यांच्याबरोबर बेटावरचा सिकाडाही कायमचा गप्प झाला.

उपाय झाले ते वाचताना हसावे की कपाळाला हात लावावा, कळत नाही. कीड खाण्यासाठी ढालकिडे आणले. ते ढालकिडे सरड्यांनी खाल्ले. हे सरडे १९०५ मध्ये फळमाशीच्या बंदोबस्तासाठी जमेकाहून मुद्दाम आणलेले. मग सरडे खाण्यासाठी १९५७ मध्ये त्रिनिदादहून किस्कडी नावाचे पक्षी आणले. तेच पुढे बागाईतदारांची डोकेदुखी झाले. सरडे आहेत तिथेच आहेत.

उघड्या पडलेल्या टेकड्यांना वाऱ्याचा आडोसा हवा म्हणून आला आपला सुरू. तो झपाट्याने वाढला. पण त्याच्या पानांच्या थराखाली दुसरे फारसे काही रुजत नाही, आणि मोठ्या वादळात तो किनाऱ्याचा खडक घेऊन मुळासकट उलथतो. आमच्या बनातही सुरूखाली मोकळी वाळूच असे. तिला आम्ही खेळायची जागा समजत होतो!

१९५१ मध्ये, तीन शतकांहून अधिक काळ नामशेष मानलेला काहाव हा समुद्रपक्षी तिथल्या खडकांवर जिवंत सापडला. त्या शोधात डेव्हिड विंगेट नावाचा शाळकरी मुलगा सामील होता. १९६०च्या दशकात तो जेमतेम ६ हेक्टरांच्या नॉनसच बेटावर राहायला गेला आणि मेलेल्या सीडरांच्या सांगाड्यांमध्ये त्याने मूळच्या जातींची रोपे लावली. किडीतून बचावलेल्या थोड्या झाडांच्या वंशात प्रतिकारशक्ती दिसू लागली होती. आज तिथे पुन्हा सीडरचे रान आहे.

बर्म्युडाबाहेरही माणसाने हा सीडर नेलेला आहे. नेपोलियनच्या सेंट हेलेना बेटावर तो आपणहून वाढतो. आणि त्याच्या स्वतःच्या घरी नवे संकट सोयऱ्याचेच. अमेरिकेतला जुनिपेरस व्हर्जिनियाना, म्हणजे एके काळी ज्याच्या पेन्सिली होत, तो बर्म्युडात लावला गेला. त्याचे पराग वाऱ्यावर येतात आणि दोघांची मिश्र संतती उगवते. अशा रोपातले बेटाचे किती आणि परके किती, हे नुसत्या नजरेला नेहमी ओळखू येत नाही. त्यासाठी पानाचा तुकडा प्रयोगशाळेत धाडावा लागतो.