केका : बारामतीच्या कवीचा एक जुना शब्द

मंडळी, आज आपण एकाच शब्दाकडे बघणार आहोत. शब्द आहे 'केका'. मोराच्या ओरडण्याला संस्कृतात हे खास नाव आहे. तिथून ते मराठी कवितेत आलं आणि कवितेतच राहिलं. शेतकरी बांधावरून 'मोर ओरडतोय' असंच म्हणतो, 'केका ऐकू आली' असं म्हणत नाही. असे शब्द सगळ्याच भाषांत असतात. नाइटिंगेल पक्ष्याला जुने इंग्रज कवी 'फिलोमेल' म्हणत, पण रोजच्या बोलण्यात तो नाइटिंगेलच.

आपल्याला मात्र केका आठवते ती मोरोपंतांच्या 'केकावली'मुळे. आवली म्हणजे ओळ, रांग. तेव्हा केकावली म्हणजे मोराच्या हाकांची रांग, एकेक श्लोक ही एकेक हाक. आता प्रश्न असा, की कवीने आपल्या प्रार्थनेला मोराचं ओरडणं का म्हणावं?

पहिलं कारण नावातच आहे. मोरेश्वर रामजी पराडकर हे पंतांचं पूर्ण नाव. जन्म 1729 चा, पन्हाळ्याचा. पुढे बाबूजी नाइकांच्या आश्रयाने ते बारामतीला स्थिरावले आणि 1794 मध्ये तिथेच वारले. बारामती कऱ्हेच्या काठी, आणि त्याच कऱ्हेच्या काठी वरच्या अंगाला मोरगाव, म्हणजे मयूरेश्वराचं ठाणं. मोरेश्वर, मोरोपंत, मयूर हे सगळं एकाच घरचं. कवितेत पंत स्वतःला 'मयूर' म्हणवतात. मग मयूराच्या तोंडून निघणार काय? केकाच.

पण एवढ्यावर थांबलो तर ती नुसती शाब्दिक कोटी ठरेल. केका ऐकायला गोड आहे का? कालिदासाने 'रघुवंशा'च्या पहिल्या सर्गात तिचं नातं षड्जाशी जोडलंय खरं. पण ज्यांनी माळावर मोर ऐकलाय त्यांना विचारा. आवाज कर्कश, ताणलेला, लांबवर जाणारा. मोराचा विणीचा हंगाम पावसाळ्याच्या आगेमागे येतो, त्यामुळे ढग जमले की त्याचं ओरडणं वाढलेलं दिसतं. म्हणून कवींनी ठरवलं, की मोर मेघाला हाक मारतोय. आता देवाचं एक नाव 'घनश्याम' आहे, हे लक्षात घ्या. मयूर आणि घनश्याम शेजारी ठेवले की शीर्षकाचा अर्थ उलगडतो. ही गोड स्तुती नव्हे, हा धावा आहे.

आणि हा धावा कुठल्या मुलुखात लिहिला गेला? बारामती-इंदापूर हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला टापू. वर्षाला साधारण 500 मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. इंग्रजी अमलात इथल्या जमिनीवर झेपणार नाही इतका सारा बसला. शेवटी 1836 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या मोजणीची आणि हलक्या आकारणीची सुरुवात केली ती इंदापूर तालुक्यातूनच. नीरेचा डावा कालवा आला तो 1885 च्या सुमारास. पंतांच्या काळी यातलं काहीच नव्हतं. केकावलीत दुष्काळाचं वर्णन आहे, असं आम्ही म्हणत नाही; तिथे मागणं उद्धाराचं आहे. पण ढगाकडे डोळे लावून बसणं म्हणजे काय, हे इथल्या श्रोत्याला वेगळं शिकवायला नको होतं.

पंतांनंतर 71 वर्षांनी, 1865 मध्ये, मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी केकावलीवर 'यशोदापांडुरंगी' ही टीका लिहिली. म्हणजे तेव्हाही हे काव्य उलगडून सांगावं लागत होतं. आज तर 'केका' म्हटलं की मुलांना आधी केक आठवतो. हसायला हरकत नाही, पण नुकसान कुठे होतं तेही बघा. शब्दाचा अर्थ गेला, की 'केकावली' हे नुसतं नादमधुर नाव उरतं. त्यातली घशातून निघालेली हाक ऐकू येत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, जुना शब्द कोशात बघावाच, पण तेवढ्यावर थांबू नये. तो कुणी, कुठे, कुणाला उद्देशून उच्चारला, हेही विचारावं. कोश केकेचा अर्थ 'मोराचा आवाज' असा देतो. तो आवाज कशासाठी होता, ते मात्र कऱ्हेकाठचा कोरडा माळ सांगतो.