जोंगाची ठिणगी

मंडळी, गोरखपूर म्हटलं की सगळ्यांना उत्तर प्रदेशातलं आठवतं. जबलपूरला पोस्टिंग काढलेल्यांना मात्र दुसरंही ठाऊक असतं, शहरातला गजबजलेला गोरखपूर बाजार. याच जबलपूरने फौजेला शक्तिमान आणि जोंगा या दोन गाड्या दिल्या.

तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी इथे 1904 पासूनची. 1959 साली तिथून जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावरचा शक्तिमान ट्रक बाहेर पडला. 1969 साली व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. जोंगाचा मूळ आराखडा जपानच्या निस्सानचा, नाव मात्र जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचं.

दोन्हींचा स्वभाव वेगळा. शक्तिमान डिझेलवर. त्यात हवा दाबली की इतकी तापते, की डिझेल फवारताच पेटतं. जोंगा पेट्रोलवर, तिला दर वेळी ठिणगी लागते.

ठिणगीची ही पद्धत अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगची, 1910 च्या कॅडिलॅकमध्ये आलेली. बॅटरीचा करंट कॉइलच्या जाड तारेतून वाहतो, चुंबकत्व तयार होतं. पॉइंट उघडला की करंट तुटतो, चुंबकत्व कोसळतं आणि शेजारच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत 15-20 हजार व्होल्ट उठतात. डिस्ट्रिब्यूटरचा रोटर ते पाळीपाळीने सहा प्लगांना वाटतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर तेवढ्यात 9000 ठिणग्या पडतात!

नाल्यात याचीच परीक्षा व्हायची. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत पाणी शिरलं की करंट भलतीकडे पळतो आणि पेट्रोल गाडी मधेच बंद पडते. डिझेल गाडीला ही भीती नाही. पण जोंगाचा इलाजही ड्रायव्हरच्या हातात असायचा. टोपी काढून कोरडी पुसायची, काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, फट फीलर गेजने बघायची. वर्कशॉप कोसभर लांब असलं तरी गाडी निघायची.

आजच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये पॉइंटच नाहीत. ते झिजत नाहीत, ठिणगीही जोरदार मिळते. बिघडलं तर मात्र पॉलिश पेपर कामाचा नाही. लिलावात घेतलेल्या कित्येक जोंगांत तर आता डिझेल इंजिनं बसली आहेत.

तेव्हा जुन्या एम.टी. ड्रायव्हरांनो, एखादी मूळ पेट्रोल जोंगा दिसली तर नातवंडांना बॉनेट उघडून कॉइल आणि पॉइंट दाखवा. हे पुस्तकापेक्षा बोटांनी लवकर कळतं.