तेल्याची वाट

माधवनगराहून ईशान्येस आटपाडीकडे जाऊ लागले की कृष्णेच्या खोऱ्यातील ऊस मागे पडतो आणि माणदेशाचे कोरडे माळ सुरू होतात. या अवर्षणप्रवण भूमीत डाळिंबाने अनेक कुटुंबांस हात दिला. आणि तेल्या रोगापायी त्याच डाळिंबाच्या बागा कित्येकांना स्वहस्ते उपटाव्या लागल्या. हा रोग येथवर आला कसा, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

लोकांच्या तोंडचे ‘तेल्या’ हे नाव शास्त्रीय नावापेक्षा बोलके आहे. पानावर प्रथम तेलाचा थेंब पडावा तसा डाग उमटतो व पुढे काळपट होतो. फळावर डाग पडला म्हणजे तेथे साल तडकते आणि फळ बाजारातून बाद होते. याचे कारण बुरशी नसून झँथोमोनास वंशातील एक जीवाणू आहे. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली दिल्लीहून झाली. १९५९ साली हिंगोरानी व सिंग यांनी त्याचे नामकरण केले. पुढे कित्येक दशके तो किरकोळ रोगांतच गणला जाई. २००० नंतरच्या काही वर्षांत मात्र महाराष्ट्रात त्याने साथीचे रूप धारण केले.

मधल्या काळात बदलली ती मुख्यतः लागवड, असे प्रस्तुत लेखकास वाटते. डॉ. चीमा यांनी १९३६ साली पुण्याच्या गणेशखिंडीत ‘आळंदी’ वाणातून निवडलेले झाड पुढे ‘गणेश’ नावाने प्रसिद्धीस आले. त्याच्याच संकरातून राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘भगवा’ निपजला. हे वाण गुटी बांधून वाढवितात. फांदीची साल काढावयाची, तेथे ओले शेवाळ गुंडाळावयाचे आणि मुळे फुटली की फांदी तोडून लावावयाची. अशा रोपात मातृवृक्षाचे गुण जसेच्या तसे उतरतात. पण फांदीत दडलेला जीवाणूही त्याबरोबरच येतो. शिवाय मैलोगणती एकाच वाणाच्या बागा उभ्या राहिल्याने त्यास अडसर असा उरला नाही.

बागेतल्या बागेत रोग पसरतो तो पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनी आणि छाटणीच्या कात्रीने. जिल्ह्यातून जिल्ह्यात मात्र तो रोपांच्या गाडीतून जातो. अमेरिकेत १९०४ साली न्यूयॉर्क येथे आढळलेला चेस्टनट वृक्षांचा करपाही आशियातून आणलेल्या रोपांबरोबरच तेथे पोहोचला होता व अर्ध्या शतकात त्याने तेथील अरण्ये ओस पाडली. तो रोग बुरशीचा, हा जीवाणूचा, वाट एकच.

२००५ साली सोलापुरास राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले. निरोगी रोपे, कात्रीचे निर्जंतुकीकरण आणि गळलेल्या पानांचा नाश यांबरोबर पावसाळी मृग बहार टाळण्याचा सल्ला दिला जातो. त्याऐवजी आंबे बहार धरावा, तर फळ पोसण्यास ऐन उन्हाळ्यात पाणी लागते. आणि माणदेशात नेमक्या त्याच महिन्यांत विहिरी तळ गाठतात.