मुक्त प्रणालीचें यंत्र आणि त्याची पारख



आजच्या भाषणाचा विषय कोणास बाजारांतला वाटेल; मला तो इतिहासाचा वाटतो. ज्या तरुणास गणकयंत्राच्या आज्ञावली रचण्याचा व्यवसाय करावयाचा आहे, आणि तोहि लिनक्ससारख्या मुक्त कार्यप्रणालीवर, त्यानें लॅपटॉप कोणता घ्यावा, हा तो विषय. आमच्या जळगांव-धुळ्याकडे हा प्रश्न पुष्कळ घरांत पावसाळ्याच्या तोंडीं निघतो. कापसाच्या किंवा केळीच्या पैशांतून एकदांच मोठी रक्कम बाजूस काढावयाची, आणि निवड फसली तर चार वर्षें तेंच यंत्र ओढावयाचें. दुकानदार रंग सांगतो, पडद्याची लांबीरुंदी सांगतो, सवलत सांगतो. जें विचारावयाचें तें मात्र विचारलें जात नाहीं, कारण त्याचें उत्तर गेल्या चाळीस वर्षांच्या एका भांडणांत दडलेलें आहे.

धुळ्याच्या माणसास तें भांडण परकें वाटूं नये. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच वारले, आणि त्यांचा कागदपत्रांचा संग्रह जपणारें संशोधन मंडळ पुढच्याच वर्षीं तेथें उभें राहिलें. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालचा. राजवाड्यांचा आग्रह असा कीं, इतिहासकारानें आपलें मत तेवढें सांगून थांबूं नये. ज्या मूळ कागदावरून तें बनलें तो कागदहि वाचकापुढें ठेवावा, म्हणजे चूक असेल तर ती दुसऱ्यास काढतां येईल. याच्या आड येई तो दप्तराचा मालक. रुमाल सोडावयाचा नाहीं, कागद वाळवीनें खाल्ला तरी चालेल, पण परक्याच्या दृष्टीस पडतां कामा नये, अशी ती वृत्ति.

गणकयंत्राच्या जगांत हीच वृत्ति रिचर्ड स्टॉलमन यांना १९८० च्या सुमारास भेटली. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंत, जिला एम्. आय्. टी. म्हणतात, झेरॉक्स कंपनीचें नवें छपाईयंत्र आलें होतें. कागद अडकला कीं काम थांबे आणि दूर बसलेल्यास त्याचा पत्ता नसे. आधींच्या यंत्राच्या आज्ञावलींत स्टॉलमन यांनीं स्वतः सुधारणा करून तशी सूचना मिळण्याची सोय केली होती. नव्या यंत्राची मूळ संहिता, म्हणजे माणसास वाचतां येईल असें आज्ञावलीचें लेखन, ज्याच्यापाशीं होतें त्यानें गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून तें देण्याचें नाकारलें. त्या नकारानें मनांत घर केलें. १९८३ च्या सप्टेंबरांत स्टॉलमन यांनीं ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि १९८९ सालीं तिचा सार्वजनिक परवाना प्रसिद्ध झाला: संहिता वाचा, बदला, वांटा, पण वांटाल तेव्हां पुढच्यासहि तेवढींच मोकळीक द्या. राजवाड्यांच्या कागदाशीं ही तुलना फार ताणूं नये. ऐतिहासिक पत्रांत एक अक्षर बदलणें पाप, आणि येथें तर बदलासाठींच सारी खटपट. रुमाल सोडण्याची गोष्ट मात्र दोन्हीकडे एकच.

पुढची हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे. हेलसिंकीच्या विद्यापीठांतील एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें १९९१ च्या जानेवारींत ३८६ जातीचा प्रोसेसर असलेलें यंत्र घेतलें, तेंहि हप्त्यांनीं. आमच्याकडील पालकांस हा तपशील आवडावा. त्या यंत्रावर रचलेल्या प्रणालीची वार्ता त्यानें २५ ऑगस्ट १९९१ रोजीं जगास कळविली आणि १९९२ सालीं तिला ग्नूचाच परवाना लावला.

आतां लॅपटॉपाकडे वळूं. टेबलावरच्या यंत्राचा एखादा भाग लिनक्सशीं जुळला नाहीं, तर तो काढून दुसरा बसवितां येई. लॅपटॉपांत ती सोय नाहीं. कारखानदारानें जें कोंबलें तें कोंबलें. आंतील प्रत्येक भागास प्रणालीशीं बोलण्यासाठीं एक दुभाषा लागतो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. तो रचावयाचा तर त्या भागाची अंतर्गत माहिती हवी, आणि ती कंपन्यांच्या रुमालांत बांधलेली. इंटेलनें २००३ सालीं बिनतारी संपर्काची सोय असलेली ‘सेंट्रिनो’ यंत्रें आणलीं, तेव्हां लिनक्सवाल्यांस आरंभीं दुभाष्यावांचून बसावें लागलें. पुढें त्या कंपनीनेंच मुक्त ड्रायव्हर पुरविले आणि तेव्हांपासून तिचे बिनतारी भाग या बाबतींत निर्धोक समजले जातात. ब्रॉडकॉमच्या भागांनीं मात्र वर्षानुवर्षें छळ मांडला. विंडोजसाठीं रचलेला ड्रायव्हर लिनक्सच्या गळीं उतरविण्याच्या नाना युक्त्या लोकांनीं केल्या. २०१० सालीं त्या कंपनीनें आपला कांहीं भाग उघडा केला. चित्रपटलावरील आकृतींसाठीं लागणाऱ्या एनव्हिडियाच्या भागांवर तर टोरवाल्ड्स २०१२ सालीं फिनलंडमधील एका सभेंत इतके संतापले कीं, त्यांनीं त्या कंपनीस उद्देशून केलेला हावभाव आकाशवाणीवर वर्णन करण्याजोगा नाहीं. त्या कंपनीनें २०२२ सालीं गाभ्याशीं जुळणारा भाग खुला केला, तरी साध्या आज्ञावली रचणाऱ्यानें त्या भागाच्या नादीं लागूं नये असेंच माझें मत आहे. खेळ किंवा कृत्रिम बुद्धीचे प्रयोग करावयाचे असतील त्यांची गोष्ट निराळी.

खानदेशांत ही विद्या कशी आली तेंहि पाहण्यासारखें आहे. बांभोरीचें अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चें, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० चें, जळगांवचें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ चें, शिरपूरचें २००१ चें. म्हणजे लिनक्स आणि येथील विद्यापीठ जवळजवळ बरोबरीचीं. परंतु गांवोगांवच्या सामान्य माणसास गणकयंत्राची ओळख करून दिली ती एम. एस. सी. आय. टी. या अभ्यासक्रमानें, आणि त्यांत विंडोजच शिकविलें जाई. त्यामुळें संगणक म्हणजे विंडोज हा समज रूढ झाला. २००४ सालीं रेड हॅट कंपनीनें ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे मुक्त टंक प्रसिद्ध केले आणि लिनक्सवर मराठी अक्षर नीट उमटूं लागलें, याची खबर आमच्यापैकीं किती जणांस होती! आधारचा देशांतील पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं टेंभली येथें दिला गेला. हें गांव आज नंदुरबार जिल्ह्यांत असलें तरी १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यांत होतें. ज्या मध्यवर्ती यंत्रणेंत तो क्रमांक नोंदला गेला तिची उभारणी मोठ्या अंशीं मुक्त प्रणालींवर आहे.

मग यंत्र घेतांना पहावें काय? प्रोसेसर नव्यांत नवा असलाच पाहिजे असें नाहीं. उलट अगदीं ताज्या यंत्राचे दुभाषे लिनक्सच्या प्रचलित आवृत्तींत आलेले नसण्याचा संभव असतो. वर्ष-दीड वर्ष जुना नमुना बरा. स्मृति, म्हणजे रॅम, सोळा गिगाबाइट असावी. लिनक्स स्वतः चारांत भागवितो, परंतु आज्ञावली रचतांना शेजारीं ब्राउझर, माहितीचा कोश आणि चाचणीचीं आभासी यंत्रें चालू ठेवावीं लागतात, तीं सारी स्मृति खातात. ती वाढवितां येते कीं मुख्य फलकावर डाक देऊन कायमची बसविली आहे, हें आधीं विचारावें. पातळ, देखण्या यंत्रांत ती बहुधा डाक दिलेलीच असते. आज आठ घेतली तर शेवटपर्यंत आठच. झांकण मिटल्यावर यंत्र झोंपतें आणि उघडल्यावर नीट जागें होतें ना, हीहि लिनक्सवरची जुनी दुखणी आहे.

आमच्या हवेचा एक स्वतंत्र विचार करावा लागतो. जळगांव-भुसावळकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपुढें जातो. लिथियमच्या बॅटरीचें आयुष्य उष्णतेनें घटतें, आणि ती सदा पूर्ण भरलेली ठेवल्यास अधिकच. म्हणून भरणी ऐंशी टक्क्यांवर थांबविण्याची सोय लिनक्समधून चालते असा नमुना, थिंकपॅडसारखा, येथें विशेष उपयोगी. पंखा सफाईसाठीं उघडतां यावा आणि बॅटरी साध्या स्क्रूड्रायव्हरनें बदलतां यावी. कारण दुरुस्तीचें अधिकृत केंद्र तालुक्याच्या गांवीं मिळेलच असें नाहीं.

सर्वांत उत्तम परीक्षा फुकट आहे. क्लाउस क्नॉपर या जर्मन गृहस्थानें २००० सालीं तबकडीवरूनच चालणारी ‘क्नॉपिक्स’ काढली, तेव्हांपासून यंत्रावर कांहीं न बसवितां लिनक्स चालवून पाहतां येतें. आतां तबकडीऐवजीं पेनड्राइव्ह असतो. तो घेऊन दुकानांत जावें आणि बिनतारी जाळें, आवाज, कॅमेरा, कळफलक, झोंप या पांच गोष्टी वीस मिनिटें तपासाव्या. कांहीं यंत्रांत ‘सिक्युअर बूट’ नांवाचा पहारा आडवा येतो. २०१२ पासून विंडोजबरोबर तो सर्वत्र आला. उबुंटू, फेडोरा आणि डेबियन यांना तो बहुधा सोडतो. दुकानदार आढेवेढे घेईल, तरी पैसे मोजण्यापूर्वींच हें करावें.

ज्यांच्या हातीं नव्या यंत्राइतकी रक्कम नाहीं त्यांस सध्यां एक चांगली संधि आहे. मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नियमित सांभाळ थांबविला, आणि साधारणतः २०१७ पूर्वींचीं यंत्रें विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत. कचेऱ्यांतून निघणारीं तीं मजबूत यंत्रें लिनक्सवर अजून कैक वर्षें काम देतील. स्मृति वाढवून आणि नवी बॅटरी घालून घ्यावीं. मात्र प्रोसेसर ६४ बिटांचा आहे याची खात्री करावी. डेबियननें ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तींत ३२ बिटांच्या यंत्रांवर बसविण्याची सोय बंद केली आहे. ज्या ३८६ वर टोरवाल्ड्सनें हा सारा संसार मांडला, त्याचा आधार तर लिनक्सच्या गाभ्यांतून २०१२ च्या डिसेंबरांतच काढून टाकण्यांत आला.