इगर्जीच्या वहीतले पूर्वज

आपल्याकडे कुळाचा वृत्तान्त शोधावयाचा झाला म्हणजे माणूस बहुधा तीर्थक्षेत्राची वाट धरतो. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला किंवा गयेस तीर्थोपाध्याय आपली जुनी चोपडी काढतात, गाव आणि आडनाव विचारतात, आणि चार पिढ्यांपूर्वी कोणी पूर्वज तेथे येऊन गेल्याची नोंद आपल्यापुढे ठेवतात. पण या चोपडीत नाव यावयाचे तर यात्रेस निघावे लागे. ज्याने जन्मात गावची शीव ओलांडली नाही, त्याचे नाव तेथे कसे सापडावे? ख्रिस्ती जगात अशा माणसाचीही नोंद ठेवणारी एक वही होती. ती त्याच्या गावच्या चर्चमध्ये, गोव्याच्या बोलीत सांगावयाचे तर इगर्जीत, असे. आज या वहीविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

ही वही इतिहासासाठी जन्मास आलेली नाही. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने कॅथलिक धर्मगुरूंना विवाहांची आणि बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्यांची नोंद ठेवण्याची आज्ञा केली. चोरून लागणाऱ्या विवाहांना आळा बसावा, आणि ज्यांच्यात धर्माने नाते जोडले आहे त्यांचे परस्परांत विवाह होऊ नयेत, हा त्यातील हेतू. मृत्यूची नोंद १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने सर्वत्र आवश्यक ठरविली. प्रॉटेस्टंट वळणावर गेलेल्या इंग्लंडात तर १५३८ सालीच थॉमस क्रॉमवेलने तसा हुकूम काढला होता, आणि हा नव्या करांचा डाव असावा, अशी शंका तेथील लोकांना आली होती. सारांश, वही ठेवणाऱ्याच्या मनात नियमन होते. आपल्या हाती जे आले तो इतिहास.

तो कसा हाती येतो, याचे एक उदाहरण इंग्लंडातील स्ट्रॅटफर्डच्या वहीत आहे. २६ एप्रिल १५६४ या दिवशी तेथे शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची नोंद झाली. त्याच वर्षी ११ जुलै रोजी ऑलिव्हर गन नावाच्या एका शिकाऊ कामगाराला पुरल्याची नोंद असून तिच्याशेजारी तीन लॅटिन शब्द लिहिले आहेत. त्यांचा अर्थ, येथे प्लेगची साथ सुरू झाली. त्यापुढे दफनाच्या ओळी वाढत जातात. जगन्मान्य नाटककार आणि कोणाच्या स्मरणात न राहिलेला तो शिकाऊ कामगार या दोघांना वहीने एकेकच ओळ दिली. एका ओळीने वंशाचा दुवा मिळतो. पुष्कळ ओळी शेजारी ठेवल्या की गावचा इतिहास मिळतो.

आता गोव्याकडे वळू. १५६७ साली गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली आणि ट्रेंटच्या निर्णयांना अनुसरून येथील चर्चचे नियम घातले गेले. तिसवाडी, बारदेस आणि सासष्टी या जुन्या काबिजादीतील गावोगावच्या इगर्जींतून विगार, म्हणजे गावचा मुख्य पाद्री, पोर्तुगीज भाषेत वही लिहू लागला. फार जुन्या वह्या सर्वत्र टिकल्या नाहीत. कोकणचा पाऊस आणि वाळवी यांना धर्मभेद ठाऊक नाही. तथापि जे उरले आहे, तेही थोडे नव्हे. काही वह्या इगर्जीत आहेत, तर काही पणजीच्या पुराभिलेखागारात. या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ साली दियोगु द कोउतु या इतिहासकाराच्या नेमणुकीपर्यंत मागे जाते.

शोध घेणाराने उलट दिशेने चालावयाचे असते. आजोबांचा बाप्तिस्मा सापडला की त्यांच्या आईबापांची नावे कळतात. त्यांचा विवाह शोधला की वधू कोणत्या गावची हे कळते. मग त्या गावची वही उघडावयाची. १९०७ च्या रोमच्या आज्ञेनंतर विवाहाची टीप बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहिण्याचा नियम झाला. त्यामुळे पोटासाठी मुंबईस गेलेल्या आणि तेथेच लग्न केलेल्या माणसाचा माग गावच्या वहीच्या समासात लागू शकतो. मात्र सावध राहावे लागते. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्माची तारीख नव्हे. संतांची नावे मोजकीच असल्यामुळे एका गावात एका नावाची अनेक माणसे असतात. लिहिणाराचा हात बदलला की आडनावाची अक्षरेही बदलतात.

पण यापेक्षा मोठी अडचण निराळीच आहे. मागे जाता जाता एक पान असे येते की ज्याच्या पलीकडे वही बोलत नाही. बाप्तिस्म्याबरोबर माणसाचे नाव बदले आणि पुष्कळदा धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे पोर्तुगीज आडनाव त्याला मिळे. कालचा कामत किंवा प्रभू आज दुसऱ्याच नावाने लिहिला जाई. ज्या लेखणीने त्याचे नवे नाव टिकविले, तिनेच जुने नाव झाकून टाकले. चारशे वर्षांचा पूर्वज सापडतो आणि त्याचा बाप हरवतो. असे पान समोर आले असता मन क्षणभर थबकल्यावाचून राहत नाही.

येथे इगर्जीची वही मिटून गावकरीचे दप्तर उघडावे लागते. गोव्यातील गावाची जमीन मूळ वसाहतकारांच्या सामायिक संस्थेकडे असे. तिलाच गावकरी म्हणतात. पोर्तुगीजांनी ही व्यवस्था मोडली नाही; १५२६ साली तिचे रिवाज लिहून घेऊन त्यांना मान्यता दिली. प्रत्येक गावात गावकरांची ठरावीक वांगडे, म्हणजे कुळांच्या शाखा, असत आणि वांगडाचा हक्क बापाकडून मुलाकडे जाई. धर्म बदलला, आडनाव बदलले, तरी वांगड बदलले नाही. गावकरीच्या कागदांतून, कोठे गोयकानडी लिपीत, कोठे मराठीत, कोठे पोर्तुगीजमध्ये, तुटलेला धागा पुन्हा हाती लागण्याची आशा आहे.

हा धागा केवळ ख्रिस्ती कुटुंबांचा नाही, हे विशेषेकरून सांगावेसे वाटते. सोळाव्या शतकात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा जे धर्म सोडावयास तयार नव्हते, त्यांच्यापैकी कित्येकांनी आपल्या देवांना घेऊन नदीपलीकडील, तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या, फोंडा भागात आश्रय घेतला. कुठ्ठाळीचा मंगेश म्हार्दोळजवळ प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. या दैवतांचे कुळावी आज मुंबई, कारवार, मंगळूर आणि देशात सर्वदूर पसरले आहेत. त्यांची नावे देवस्थानांच्या महाजनांच्या याद्यांत. गावात राहिलेल्यांची इगर्जीच्या वहीत. एकाच गावच्या इतिहासाची ही दोन पाने दोन निरनिराळ्या घरी गेली. एक पान वाचून गावचा इतिहास कळला असे म्हणणे धाडसाचे होईल.

म्हणून कवळ्यास कुळदेवतेच्या दर्शनास जाणाऱ्याने कधी केळोशीस जाऊन तेथील इगर्जीपाशीही उभे राहावे. आत जपलेल्या वहीत त्याचे स्वतःचे नाव सापडणार नाही. पण ज्या कुळांची नावे तीत आहेत, त्यांच्यापैकी एखाद्याचा मूळ पुरुष त्याच्याही मूळ पुरुषाच्या मांडीला मांडी लावून त्याच गावच्या गावकरीत बसला असेल. वही तेवढे सांगत नाही. ते आपण जाणून घ्यावयाचे असते.