हे तुला कसे कळले?



वाचक माउलींनो, अंधेरी-बोरिवलीकडून डहाणूला जाणारी लोकल विरार सोडते, वैतरणेची खाडी ओलांडते आणि सफाळ्यानंतर केळवे रोड हे स्थानक येते. तिथून पश्चिमेला समुद्राकडे गेले की केळवे-माहीम. आपल्या मुंबईतले माहीम ते वेगळे. या केळवे-माहीमात २० एप्रिल १८९६ रोजी शंकर वामन दांडेकर यांचा जन्म झाला. हे नाव सांगितले तर आपल्यापैकी निम्मे लोक विचारात पडतील; सोनोपंत दांडेकर म्हटले की थोडे ओळखतील; आणि मामासाहेब दांडेकर म्हटले की सगळेच हात जोडतील. मुलुंडच्या चाळीत असो की घाटकोपरच्या सोसायटीत, पारायणाला बसलेल्या माणसापुढची सार्थ ज्ञानेश्वरी बहुधा मामांनी संपादिलेली असते.

पण मामांचा व्यवसाय कोणता, हे विचारले तर उत्तर क्वचित मिळते. मामा तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. पुण्यात १९१६ साली न्यू पूना कॉलेज निघाले, पुढे १९२६ मध्ये त्याला सर परशुरामभाऊ महाविद्यालय हे नाव मिळाले. त्या महाविद्यालयात मामांनी तत्त्वज्ञान शिकवले आणि तिथे प्राचार्यपदही भूषविले. दिवसा वर्गात प्लेटो, आणि रात्री गळ्यात वीणा घेऊन नारदाच्या गादीवर ज्ञानोबा-तुकोबा. त्यांच्या एका ग्रंथाचे नावच ‘ज्ञानदेव आणि प्लेटो’, दुसऱ्याचे ‘ईश्वरवाद’. आणि ‘वारकरी पंथाचा इतिहास’ तर आपल्या घरचाच.

महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवतात त्यात दोन शाखा आपल्या कामाच्या आहेत. एक धर्माचे तत्त्वज्ञान. देव आहे असे म्हणताना आपण नेमके काय म्हणतो, भक्ताचा अनुभव म्हणजे काय, जगात दुःख असताना देवाला दयाळू कसे म्हणायचे, हे प्रश्न तिथे येतात. दुसरी ज्ञानमीमांसा. तिचा प्रश्न एकच आणि तो लहान मूलही विचारते : हे तुला कसे कळले? आपल्या शास्त्रात यालाच प्रमाणविचार म्हणतात. ज्याने हे दोन्ही विषय पोटात घातले तो माणूस कीर्तनाला उभा राहिला, आणि त्याची श्रद्धा ढळली नाही की बुद्धी झोपली नाही. हे कसे जमले, ते आज आपल्यापुढे मांडायचे आहे. कारण हा प्रश्न आज आपल्या दाराशी उभा आहे.

उपनगरातल्या हरिपाठ मंडळांकडे पाहा. गिरणगावातून, कोकणातून, साताऱ्या-नगराकडून आलेल्या पिढीने भांडुप, मुलुंड, घाटकोपर, बोरिवली इथे टाळ आणले. त्यांची नातवंडे आता इंजिनिअर आहेत. ती सप्ताहाला येतात, आजोबांचा मान राखून बसतात, आणि कीर्तन संपल्यावर हळूच विचारतात, “बुवा, विठ्ठल भेटला असे संत म्हणतात, पण हे खरे कशावरून?” यावर आमच्या मंडळींकडून दोन उत्तरे दिली जातात. पहिले, “शंका घेऊ नये, पाप लागते.” दुसरे, “परदेशातल्या शास्त्रज्ञांनी हे यंत्रावर सिद्ध केले आहे.” पहिल्या उत्तराने पोर गप्प बसते आणि पुढच्या वर्षी येत नाही. दुसरे उत्तर ते घरी जाऊन तपासते, खोटे निघते, आणि मग बुवाचे खरे बोलणेही त्याला खोटे वाटू लागते. दोन्ही उत्तरे आपल्या परंपरेतली नाहीत.

परंपरा काय सांगते? गीताच पाहा. ती अर्जुनाच्या शंकांवर उभी आहे. अठराव्या अध्यायात सगळे सांगून झाल्यावर भगवंत काय म्हणतात? याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. साक्षात देव श्रोत्याला विचार करायला सांगतो, तर कीर्तनकाराने त्याला गप्प का करावे?

ज्ञानाची साधने किती, यावर आपल्या शास्त्रकारांनी शतकानुशतके वाद घातला आहे. चार्वाक म्हणतो, प्रत्यक्ष हे एकच प्रमाण. बौद्ध आणि वैशेषिक त्यात अनुमान घालून दोन मानतात. सांख्यांची शब्दासह तीन. नैयायिक उपमान मिळवून चार करतात. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अर्थापत्ती आणि अनुपलब्धी धरून सहा मानतात. प्रत्येकाने दुसऱ्याला हेच विचारले : हे तुला कसे कळले? हा प्रश्न नास्तिकाने बाहेरून आणलेला नाही.

यातले शब्दप्रमाण आपल्या सर्वांत जवळचे. शब्द प्रमाण केव्हा? तो आप्ताचा असेल तेव्हा. आणि आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. न्यायसूत्रांवर भाष्य करणारा वात्स्यायन सांगतो की ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आहे आणि ती तशीच दुसऱ्याला सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो जे म्हणतो ते ऐकून आपण थक्क व्हावे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे, असे तो म्हणतो. म्हणजे सांगणाऱ्याचे कूळ विचारायचे नाही, त्याने जाणले आहे का आणि तो सरळ सांगतो आहे का, एवढेच विचारायचे. आता आपल्या संतमंडळाकडे बघा. चोखोबा, जनाबाई, सावतोबा, गोरोबा, सेना महाराज. यांचा शब्द वारकऱ्याने प्रमाण मानला तो कोणत्या अधिकारावर? वात्स्यायनाने घातलेली अटच तिथे पूर्ण झाली होती. तर्कशास्त्राने जे सूत्ररूपाने सांगितले, ते वाळवंटात प्रत्यक्ष घडले.

आणि आमच्या माउलींनी तर याच्याही पुढे पाऊल टाकले. अमृतानुभवाची दहा प्रकरणे आहेत. त्यात एक प्रकरण शब्दखंडनाचे, एक अज्ञानखंडनाचे. ग्रंथाच्या ओघात माउली एके ठिकाणी सांगतात की शिवाने किंवा श्रीवल्लभाने म्हटले आहे म्हणून आम्ही हे म्हणतो असे नाही. त्यांनी म्हटले नसते तरी हे असेच आहे. अहो, केवढे हे धैर्य! शिवसूत्रांचा आधार घ्यायचा, गीतेचा घ्यायचा, आणि तरी सांगायचे की माझे पाऊल वस्तूवर आहे, नुसत्या आधारावर नाही. ज्ञानेश्वरी १२९० सालची आणि माउलींची समाधी १२९६ ची. विशीच्या आसपासच्या तरुणाने हे लिहिले, आणि आपण विशीतल्या पोरांना सांगतो की शंका घेऊ नका!

मामांनी प्लेटो आणि ज्ञानदेव एका ग्रंथात आणले, म्हणून प्लेटोचा एक दृष्टान्त माझ्या पद्धतीने सांगतो. त्याच्या एका संवादात सॉक्रेटिस विचारतो : लॅरिसा नावाच्या गावाला जायचे आहे. एकाला वाट ठाऊक आहे. दुसरा कधी गेलेला नाही, पण त्याचा अंदाज बरोबर आहे. दोघेही तुम्हाला पोहोचवतील. मग जाणण्यात आणि बरोबर अंदाजात फरक काय? सॉक्रेटिसचे उत्तर असे की बरोबर मतही उपयोगाचे असते, पण ते टिकत नाही, पळून जाते. कारण समजून घेऊन ते बांधून ठेवले की त्याचे ज्ञान होते.

आता लॅरिसाच्या जागी पंढरपूर ठेवा. आळंदी, पुणे, दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. ज्याने कधी वारी केली नाही, तोही हे मुक्काम पाठ म्हणू शकेल, आणि त्याचे म्हणणे खरेच असेल. पण दिवे घाटात उन्हाने जीव घाबरा झाला आणि शेजारची म्हातारी अभंग म्हणत पुढे निघून गेली, हे त्याच्या यादीत नाही. चार लोक म्हणाले की कशाला ही पायपीट, तर त्याचे मत डळमळेल. चाललेल्याचे डळमळणार नाही. प्लेटो म्हणतो, मत कारणाने बांधा. वारकरी म्हणतो, कारणाने बांधा आणि पायांनीही बांधा. संतांचा शब्द आपल्याला वाट सांगतो. ती वाट चालल्यावाचून तो शब्द आपले ज्ञान होत नाही, आपले बरोबर मत राहते. तेही वाईट नाही, पण तेवढ्यावर थांबू नये.

मामांच्या काळात ज्ञानमीमांसा आणि भक्ती एकत्र नांदवणारे आणखी एक थोर नाव म्हणजे गुरुदेव रा. द. रानडे. जमखंडीत १८८६ साली जन्म, निंबर्गी परंपरेत दीक्षा, पुण्यात फर्ग्युसनमध्ये आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाची प्राध्यापकी, तिथेच कुलगुरुपद, आणि १९५७ मध्ये निंबाळला देह ठेवला. महाराष्ट्रातल्या संतांच्या साक्षात्कारावर त्यांनी इंग्रजीत लिहिलेला मोठा ग्रंथ १९३३ साली निघाला. त्यांनी मांडलेला प्रश्न आपल्या इंजिनिअर नातवाचाच आहे : संताला आलेला अनुभव खरा, हे कशावरून? गुरुदेव सांगतात, एक म्हणजे निरनिराळ्या देशांतल्या, काळांतल्या, भाषांतल्या संतांची साक्ष जुळते का ते पाहा. दुसरे, त्या अनुभवाने बुद्धी स्वच्छ होते की गढूळ, ते पाहा. तिसरे, भावना शुद्ध होते का? आणि चौथे, आचरण सुधारते का? साक्षात्काराला त्यांनी परीक्षेतून सूट दिली नाही.

अमेरिकेतल्या विल्यम जेम्सने १९०१-०२ मध्ये एडिंबरोला याच विषयावर व्याख्याने दिली. त्याचा निवाडा असा की ज्याला असा अनुभव येतो त्याच्यापुरता तो अधिकारवाणीचा असतो, पण ज्याला तो आला नाही त्याने तो बिनचौकशी मानलाच पाहिजे असे बंधन नाही. मला हा निवाडा न्यायाचा वाटतो. आपल्या शास्त्राची त्यात एवढीच भर, की ज्याला अनुभव नाही त्याने आप्ताच्या शब्दावर पहिले पाऊल टाकावे आणि पुढे स्वतः पाहावे.

इथे एक धोका सांगितलाच पाहिजे. ‘अनुभव’ हा शब्द जितका पवित्र, तितकाच तो लबाडाच्या हाती सोपा. “मला दिसले, तुम्हाला दिसत नाही, तेव्हा माझ्या पाया पडा,” असे म्हणणारे बुवा प्रत्येक काळात झाले. त्यांना ओळखायचे कसे? पुन्हा तेच प्रमाणशास्त्र हाताशी घ्या. जाणलेले जसेच्या तसे सांगावे, ही आप्ताची अट. जिथे सांगणाऱ्याचा लाभ गुंतला तिथे शब्द पातळ होतो. म्हणून तुकोबांनी कीर्तनकाराला पथ्ये घालून दिली : कीर्तनाच्या ठिकाणी जेवू नये, माळ घालून घेऊ नये, द्रव्य घेऊ नये. ही पथ्ये सदाचाराची आहेत, तशीच ती ज्ञानाच्या रक्षणाचीही आहेत. साक्षीदाराने पक्षकाराकडून पैसे घेतले तर कोर्ट त्याची साक्ष कितपत मानील?

आता मामांकडे वळतो. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. कीर्तनकाराने ग्रंथ नीट शिकून, अर्थ जाणून उभे राहावे, ही त्यामागची तळमळ. महाराज १९२० मध्ये गेले. तेव्हा मामा विशीत होते. महाराजांच्या मागे ज्या शिष्यांनी संस्था सांभाळली, त्यांत मामा होते. म्हणजे एका हाताने महाविद्यालय आणि दुसऱ्या हाताने आळंदीची पाठशाळा. मामा १९६८ साली वैकुंठवासी झाले, तोवर त्यांची ही दोन्ही अंगे लोकांनी पाहिली. प्राध्यापक झाले म्हणून टाळ लपवला नाही, आणि वारकरी म्हणून पुस्तक मिटले नाही. त्यांच्या चरित्राचा मला दिसणारा अर्थ एवढाच, की ज्याचा शब्द प्रश्नाला घाबरत नाही, त्याच्याच शब्दावर पुढची पिढी पाऊल टाकते.

तेव्हा उपनगरातल्या माझ्या मंडळप्रमुखांनो, टाळकऱ्यांनो, एक विनंती आहे. माझे गुडघे आता गादीवर उभे राहू देत नाहीत, म्हणून ती लिहून करतो. सप्ताहाच्या सात दिवसांत एक संध्याकाळ शंकासमाधानाला ठेवा. कीर्तन नको, भाषण नको. पोरांनी विचारावे आणि जाणत्याने उत्तर द्यावे. ठाऊक नसेल तर तसे सरळ सांगावे, ग्रंथ उघडावा आणि सर्वांनी मिळून पाहावे. मुंबई विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग आपल्या सांताक्रूझला, कालिन्याच्या संकुलात आहे. तिथे शिकणारे एखादे लेकरू तुमच्या इमारतीत राहत असेल तर त्याला मानाने बोलवा आणि ज्ञानमीमांसा काय म्हणते ते विचारा. तेही ऐकेल की हे सगळे अमृतानुभवात आहे, आणि आपल्यालाही कळेल की जगात कोण काय विचारतो आहे.

आणि पोरगा जेव्हा विचारील, “हे तुम्हाला कसे कळले?” तेव्हा रागावू नका. त्याला जवळ बसवा. जेवढे ऐकले ते ऐकले म्हणून सांगा, जेवढे चाललात तेवढे चाललो म्हणून सांगा. आणि पुढच्या आषाढीला, जमेल तितके, एक मुक्काम तरी त्याला बरोबर घेऊन चला.

रामकृष्णहरी.