समुद्र नसलेल्या मुलखातील बेटे

बेट पाहायला निघालेला मराठी माणूस कोकणाची वाट धरतो. राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होडीत बसून जंजिऱ्याला जातो, घारापुरीला जातो, सुट्टी मोठी असली तर अंदमान गाठतो. बेटे पाहण्यासाठी घाट चढून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, या असे कोणी म्हटले तर ती थट्टाच वाटेल. येथून समुद्र सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा हा मुलूख दुष्काळाच्या हकिकतींसाठीच अधिक ओळखला जातो. तरीही सोळाव्या शतकात येथे राज्य करणाऱ्या निजामशाहीने राजधानीलगत एक नव्हे तर दोन बेटे तयार केली, आणि त्याच घराण्याच्या अमलात कोकणातील एका खऱ्या बेटावर अजिंक्य म्हणून गाजलेला कोट उभा राहिला. या बेटांची कथा एकत्र वाचली, तर आपण वास्तू जपतो म्हणजे नेमके काय जपतो, हा प्रश्न टाळता येत नाही.

मलिक अहमदने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्याच जागी एक बाग उठवली. पुढे तिच्याभोवती नगर वसले. शहराच्या आधी बाग, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. शहराच्या उत्तरेस, आज सावेडीच्या बाजूला, भिस्तबाग महाल आहे. भिस्तबाग चौकातून रोज ये-जा करणाऱ्या कित्येकांच्या मनातही येत नाही की हे नाव ‘हश्त बिहिश्त’ या फारसी शब्दांवरून आले आहे. हश्त म्हणजे आठ आणि बिहिश्त म्हणजे स्वर्ग. मध्ये एक दालन आणि त्याच्याभोवती आठ खोल्या, अशी ही इराण आणि मध्य आशियातून आलेली रचना. येथे ती तळ्याच्या मधोमध, अष्टकोनी दुमजली इमारतीच्या रूपात आली.

दुसरे बेट शहराच्या आग्नेयेस, लष्करी छावणीच्या बाजूला आहे. कागदोपत्री ते फराहबाग, बोलण्यात फऱ्याबाग. फरह म्हणजे आनंद. ही इमारत एकदा बांधली गेली, दरबारात नापसंत ठरली, पाडली गेली आणि पुन्हा नव्याने उभी राहिली, असे परंपरा सांगते. सलाबतखानाच्या देखरेखीखाली १५८३ मध्ये ती पूर्ण झाली. मध्यभागी घुमटाखालचे उंच दालन, चारी दिशांना खोल कमानी, आणि सगळ्या बाजूंनी पाणी. उन्हाळ्यात कमानीतून शिरणारा वारा आधी पाण्यावरून यायचा. पंख्याचे काम तळेच करत होते.

शाहजहानला ताजमहाल फराहबाग पाहून सुचला, असे नगरमध्ये हौसेने सांगितले जाते. दोन्ही इमारतींच्या आराखड्यात साम्य आहे, हे खरे. पण दिल्लीतील हुमायूनची कबर याच कुळातील असून ती फराहबागेच्या आधी पूर्ण झाली होती. तेव्हा या इमारतींचे नाते आई-मुलीचे नसून चुलत बहिणींचे आहे. नगरचे मोठेपण ठरवायला ताजमहालाचा दाखला लागतही नाही. ते वेगळ्याच ठिकाणी आहे. यमुनेकाठी नदी आयती होती. नगरला पाणी आणावे लागले.

ते आणले नहरांनी. डोंगरपायथ्याशी जेथे झरे असतील तेथे विहिरी खोदायच्या, त्या भुयारी मार्गाने एकमेकींना जोडायच्या आणि अगदी बेताचा उतार देत ते पाणी खापरी नळांतून गावापर्यंत न्यायचे. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधायचे. त्यांतून नळातली कोंडलेली हवा बाहेर पडे आणि गाळ काढता येई. कापूरवाडी, शेंडी ही आज आसपासच्या गावांची नावे म्हणून परिचित असलेली नावे एके काळी नहरांची होती. शेंडीकडचे पाणी भिस्तबागेला येत असे. हेच तंत्र मलिक अंबरने पुढे खडकीत, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत, वापरले. पुण्यात पेशव्यांनी कात्रजचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणले, तेही याच जातीचे काम.

आता कोकणाकडे वळू. फराहबाग पूर्ण झाली तेव्हा गादीवर मुर्तजा निजामशाह होता. राजपुरीच्या खाडीतील बेटावर पूर्वी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. तेथे दगडी कोट उभा राहिला त्याचा काळ परंपरेने १५६७ ते १५७१ असा देतात. तोही मुर्तजाच्याच कारकिर्दीत येतो. ‘जंजिरा’ हा शब्दच अरबी ‘जझीरा’वरून, म्हणजे बेटावरून, आला आहे. एकाच राजवटीत दोन बेटांवर काम झाले: एक शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी आणि दुसरे जगाला बाहेर ठेवण्यासाठी. कारण मुर्तजा पुढे पुढे एकांतात राहू लागला. लोक त्याला ‘दिवाना’ म्हणत. कारभार सलाबतखान पाहत होता. त्याच दरबारात वावरलेला इतिहासकार फिरिश्ता १५८९ मध्ये विजापूरला निघून गेला. त्याच्या आदल्याच वर्षी मुर्तजाला त्याच्या मुलाने ठार केले होते. पाण्याने वेढलेला महालही त्याला वाचवू शकला नाही.

१६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. जंजिरा मात्र टिकला. शिवाजी महाराजांना तो घेता आला नाही. संभाजीराजांनी १६८२ मध्ये खाडीत भर घालून वाट करण्याचा प्रयत्न केला, तोही तडीस गेला नाही. सिद्दींचे संस्थान १९४८ पर्यंत राहिले. आजही तेथे पर्यटकांची रांग लागते आणि आतले गोड्या पाण्याचे दोन तलाव पाहून प्रत्येक जण चकित होतो.

जंजिऱ्याभोवतीचे पाणी कोणाला आणावे लागत नाही. राज्य बुडाले तरी भरती यायची थांबत नाही. नगरच्या बेटांचे तसे नव्हते. नळातला गाळ काढणारा माणूस, उच्छ्वासाची डागडुजी करणारा गवंडी आणि त्यांना पगार देणारा कारभार, या तिघांच्या जोरावर ती बेटे होती. राजवट गेल्यावर घुमट लगेच कोसळला नाही. आधी नहर बुजले, मग तळे आटले, आणि बेट होते त्या जागी गवतात उभी एक इमारत उरली. आज फराहबागेत उभे राहिले की चारी बाजूंना खोलगट जमीन दिसते. तो तळ्याचा तळ आहे, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

आपण जतन म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर घुमट आणि कमानी येतात. चुना भरला, कुंपण घातले, फलक लावला की काम झाले असे वाटते. पण शेतात नांगराला लागणारे खापरी नळाचे तुकडे आणि रस्तारुंदीत जाणारे उच्छ्वास हे त्याच वास्तूचे अवयव आहेत. ते गेले की महाल उरतो, बेट उरत नाही. शहराला आता मुळा धरणाचे पाणी मिळते, म्हणून कोणाचे अडत नाही. पण जिल्ह्यातील अनेक गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, आणि पाऊस तेव्हाही असाच बेभरवशाचा होता. त्या पावसावर कोणीतरी जमिनीखालून पाणी वाहते ठेवले होते, ही माहिती निव्वळ ऐतिहासिक कुतूहलाची नाही. गावोगावी उरलेल्या नहरांची नोंद आणि नकाशे झाले, वाटेतील विहिरी व उच्छ्वास वाचले, तर ती विद्या निदान समजून तरी घेता येईल.

तोवर पुढच्या सुट्टीत जंजिऱ्याला जरूर जावे. पण जाता-येता नगरला थांबून फराहबागही पाहावी. तेथे होडी लागत नाही. तळ्याच्या तळावरून चालतच बेटावर जाता येते, आणि पाहण्यासारखी खरी गोष्ट तीच आहे.